अण्णा परत मागच्या सीटवर बसले

बेदाण्याच्या धंद्यात माल बघितल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. बॉक्स उघडायचा, मूठभर काढायचा, वास घ्यायचा, एखादा दाताखाली धरायचा. गाडी घेताना मात्र मी रंगावर भुललो. गडद निळी, 2015 ची, डिझेल, ऑटोमॅटिक, 71 हजार किलोमीटर चाललेली जर्मन स्पोर्ट्स सेडान. दोन मालक होऊन पुण्याच्या एका डीलरकडं आलेली. कंपनीचं नाव घेत नाही, जाणकार टायरच्या मापावरून ओळखतीलच. टेस्ट ड्राइव्ह झाली ती बाणेरच्या गुळगुळीत डांबरावर, मोजून बारा मिनिटं.

सांगलीला येताना खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मी हवेत होतो. काय वळते ती गाडी! पण पेठनाक्याला हायवे सोडला आणि उतरलो जमिनीवर. त्या वेळी पेठनाका-सांगली रस्त्याचं काम चालू होतं. डायव्हर्जनच्या प्रत्येक खाचेला सीटखालून कुणीतरी घण घालतंय असं वाटायचं. घरी पोचेपर्यंत डॅशबोर्डचं प्लास्टिक आणि माझी दाढ, दोन्ही वाजत होते.

दुसऱ्या दिवशी अण्णांना मागं बसवून तासगावला नेऊन आणलं. वडिलांचं वय 76, नोकरी सगळी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. उतरताना कंबरेला हात लावून म्हणाले, "पाट्याच्या स्प्रिंगवरची एसटी बरी की रे. ती निदान उडवायच्या आधी आवाज तरी करायची." त्यानंतर तीन महिने ते या गाडीत बसले नाहीत. बायको बसायची, पण मानेखाली उशी घेऊन.

मी पहिलं काय केलं असेल, तर पैसे घालवायची तयारी. एका मोठ्या गॅरेजनं गाडी लिफ्टवर न घेताच सांगितलं, चारही शॉकअप बदला, एक लाख चाळीस हजार होतील. भाच्याला गाड्यांचा नाद आहे. तो म्हणाला, साधे कशाला घालतोस मामा, कोनी कंपनीचे एफएसडी शॉकअप घाल. ती वस्तू मात्र डोकेबाज आहे. रस्त्याचे बारीक, भराभर येणारे धक्के असले की आतली झडप तेलाला जादा वाट देते आणि शॉकअप मऊ होतो. वळणावर गाडी सावकाश कलते तेव्हा तो कडकच राहतो. मी जवळजवळ ऑर्डर देणार होतो. तेवढ्यात कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकानं उद्यमनगरातल्या त्याच्या मिस्त्रीकडं पाठवलं. हा रिव्ह्यू खरं तर त्या मिस्त्रीच्या कामाचा आहे.

मिस्त्रींनी चावी घेतली आणि म्हणाले, "गाडी आज इथंच राहू दे साहेब. सकाळी थंड टायरची हवा बघायची आहे." मला वाटलं, टाळतोय. सकाळी गेज लावला तर चारही चाकांत 42 पीएसआय! ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर होता, पुढं 32, मागं 35. तो मी तोवर वाचलाच नव्हता. हवा साधारण पाच-सहा अंशांना एक पीएसआय वाढते, म्हणजे सांगलीच्या एप्रिलमध्ये दुपारी आत किती होत असेल बघा. हवा स्टिकरप्रमाणं केली. या कामाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, आणि धक्क्यांची धार थोडी का होईना तिथंच मोडली.

मग त्यांनी टेप काढला आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी मापं घेतली. गाडी कंपनीच्या उंचीपेक्षा जवळजवळ तीन सेंटीमीटर खाली. चाक काढलं तर आत लालभडक स्प्रिंग. "ही कंपनीची नव्हे. आधीच्या कुणाची तरी हौस आहे."

हे नीट सांगतो, कारण सगळं दुखणं इथंच होतं. हौशी मालक गाडी रस्त्याला चिकटलेली दिसावी म्हणून आखूड स्प्रिंग घालतात. शॉकअप मात्र मूळचाच ठेवतात. मग शॉकअपच्या दांडीला खाली जायला उरलेली जागा कमी होते. साधा खड्डा आला तरी गाडी थेट बंप स्टॉपवर जाऊन बसते. बंप स्टॉप म्हणजे दांडीवरचा फोमसारखा ठोकळा, अगदीच मोठा दणका बसला तर धातूवर धातू आदळू नये म्हणून ठेवलेला. माझी गाडी रोज त्याच्यावरच चालत होती. काढून हातात दिला, बोटानं दाबला तर शिळ्या ढोकळ्यासारखा चुरा. म्हणजे ज्याला मी कडक सस्पेन्शन म्हणत होतो, तिथं सस्पेन्शन कामच करत नव्हतं! वर कोनीचे शॉकअप घातले असते तर तेही बिचारे त्याच ठोकळ्यावर आपटले असते.

मूळ मापाच्या स्प्रिंग मिस्त्रींनी दुसऱ्या गाडीच्या काढलेल्या मिळवून दिल्या. बंप स्टॉप आणि वरची माउंट नवी. पुढचे शॉकअप कोरडे होते, ते ठेवले. मागचे दोन्ही तेल गळत होते, ते कंपनीच्या साध्या मापाचे घातले. अलाइनमेंट धरून 58 हजार. बिलावर जुन्या स्प्रिंगपुढं त्यांनी लिहिलं होतं, 'परत केल्या, विकू नका'.

टायरचं काम मी पुढच्या महिन्यात केलं, कारण खिसा. गाडीला 18 इंची रनफ्लॅट टायर होते, पुढं 225/45 (म्हणजे रुंदी 225 मिलिमीटर, बाजूची भिंत तिच्या 45 टक्के), मागं 255/40. रनफ्लॅटची बाजूची भिंत मुद्दाम जाड आणि ताठ केलेली असते. हवा पूर्ण गेली तरी ताशी 80 च्या आत राहून 80 किलोमीटरपर्यंत गाडी नेता यावी म्हणून. ताठ भिंत म्हणजे हवा असतानाही ती धक्का गिळत नाही, वर पाठवते. मी चारही चाकं 17 इंची केली, 225/50, साधे मिशेलिन प्रायमसी. बाहेरचा व्यास तीनचार मिलिमीटरनंच बदलतो, त्यामुळं स्पीडोमीटरला फरक पडत नाही. भिंत मात्र 101 मिलिमीटरवरून 112 वर जाते. एवढ्याशानं काय होणार असं मलाही वाटलं होतं. होतं. फक्त रिम घेण्याआधी ते ब्रेकच्या कॅलिपरवरून बसतंय का हे प्रत्यक्ष लावून बघा, आणि टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळच्यापेक्षा कमी घेऊ नका. जुने रिम पुसून-पासून घेतले, टायर नवे, मिळून 97 हजार. जुने 18 इंची भाच्यानं विकून 30 हजार आणून दिले.

आता कशी आहे? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर सांध्यासांध्याला जी थडथड व्हायची, ती आता लांबून ऐकू येते, पाठीत जाणवत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच हवा, ताशी 25 नं पार होईल असा. आमच्या भागात तसा एक दाखवा आणि बॉक्सभर बेदाणा न्या. गल्लीतल्या उखळासारख्या गतिरोधकाला पूर्वी पोट घासायचं, आता तिरकं घेतलं तर सुटतं.

गमावलं ते पण सांगतो. स्टिअरिंगची ती पहिली चुटकी गेली. घाटात गाडी आधी खांदा टाकते, मग वळते. दिसायला मागून थोडी पोक्त झाली. भाचा म्हणतो, मामा, तू वाघाचा बैल केलास. आणि तिला मुळापासून गादीसारखी गाडी करता येणार नाही. तुटलेल्या डांबराच्या कडेला ती अजूनही कुरकुरते. ज्याला तेवढंही नको त्यानं उंच गाडी घ्यावी. आमच्या भाषेत नंबर द्यायचा तर पिवळ्यातला वरचा माल, सगळ्यात भारी तो हिरवा नाही.

मागच्या महिन्यात अण्णा आपणहून मागं बसले. तासगावपर्यंत काही बोलले नाहीत. बाजार समितीच्या दारातल्या खड्ड्यातून गेलो तेव्हा म्हणाले, "बुश पण बघून घे, उजवीकडचा." बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर. मिस्त्रींना फोन केला. पुढच्या रविवारी बघू म्हणालेत.

रनफ्लॅट गेल्यावर स्टेपनी ठेवावी लागली, आणि या गाडीला तिची जागाच नाही. ती डिकीत आडवी पडून असते. पूर्वी 15 किलोचे सहा बॉक्स बसायचे, आता चार.