स्टीमचं रिफंड: नवीन गेम फुसका निघाला तर

सोलापुरात अजून लई पोरांना वाटतं की ऑनलाइन गेम घेतला की पैसे गेले ते गेलेच. स्टीमवर, म्हणजे पीसीचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, तसं नाहीये. घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात, "मजा नाही आली" एवढं कारण पण चालतं. प्री-ऑर्डर, म्हणजे रिलीजच्या आधीच घेतलेला गेम, असेल तर 14 दिवस रिलीजपासून मोजतात. या सोयीला माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.

जुळे सोलापूर आणि होटगी रोडची आम्ही पोरं प्लॅनिंग याच्यावरच करतो. मोठा गेम येणार म्हटलं की आधी एकच जण घेणार, आणि तो पण ज्याचा पीसी सगळ्यात साधा तो, कारण भारी ग्राफिक्स कार्डवर काय पण पळतं, त्यावरनं बाकीच्यांना काय कळणार. तो डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर स्क्रीन शेअर करतो, सेटिंग लो करून आधी गर्दीचा एखादा सीन, मग पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ), मग एकदा मरून परत लोड व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. दीड तासाला निर्णय. स्टीमच्या लायब्ररीत खेळलेला वेळ दशांशात दिसतो हे ध्यानात ठेवा, 1.7 म्हणजे एक तास बेचाळीस मिनिटं झाली, खेळण्याच्या नादात पुढं गेलात तर संपलं.

एक स्टार कापला तो या मोजणीसाठीच. डाउनलोडचा वेळ धरत नाहीत ते बरंय, पण गेम उघडून नुसता मेनूवर ठेवला तरी घड्याळ चालूच. द लास्ट ऑफ अस पार्ट वन 28 मार्च 2023 ला पीसीवर आला तेव्हा शेडर (ग्राफिक्स दाखवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्यातच लोकांचा लई वेळ गेला आणि तो सगळा त्या 2 तासांत मोजला गेला. हे अन्यायाचं आहे राव. एप्रिल 2024 पासून जादा पैसे भरून रिलीजच्या आधी खेळलेला वेळ पण धरतात.

फक्त ऑनलाइन चालणारा गेम असेल तर आम्ही पहिला महिना हातच लावत नाही. कॉनकॉर्ड 23 ऑगस्ट 2024 ला आला आणि 6 सप्टेंबरला बंद. पैसे सगळ्यांना परत दिले, पण ज्यांनी त्यासाठी टीम जमवली त्यांचं काय? म्हणून रिलीजच्या रात्री जुना एखादा गेम सगळ्यांकडे अपडेट करून तयार पाहिजेच, नवीन फसला की लगेच तिकडं वळायचं, नाहीतर एकेक जण वैतागून ऑफलाइन जातो आणि ग्रुप चार-चार दिवस भेटत नाही, मला तर पैशापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटतं.

रिफंड केलेला गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढं घ्यायच्या गेमच्या यादीत, मात्र ठेवा. सायबरपंक 2077 डिसेंबर 2020 मध्ये एवढा बिघडलेला आला की सोनीनं आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरनं काढला, आणि 2023 च्या 2.0 अपडेटनंतर तोच गेम लई भारी झाला.

प्लेस्टेशनवाल्यांनो, तुमच्याकडं डाउनलोड सुरू केलं की सहसा रिफंड नाही, त्यामुळं आमचा प्लॅन जसाच्या तसा वापरू नका. आणि स्टीमवर पण फुकटात चव घ्यायला ही सोय वापरू नका, गैरवापर दिसला तर ते रिफंड देणं बंद करू शकतात, तसं त्यांनी नियमातच लिहिलंय.