केनिया, नेपाळ, कुवेत की मुंडगोड? मिशनरी म्हणून बाहेर पडू पाहणाऱ्या प्रापंचिकांसाठी

ऑक्टोबरातला मिशन संडे (चर्चमध्ये मिशनरी कामासाठी पाळला जाणारा रविवार) उलटला की बेळगाव, खानापूर, नंदगडकडचे दोन-चार जण तरी पॅरिशच्या, म्हणजे आपल्या स्थानिक चर्चच्या, फादरांना गाठून विचारतात, "फादर, बाहेर जाऊन काम करायचंय, पण फादर-सिस्टर व्हायचं नाही. जमतं का?" जमतं. 1983च्या कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, 784व्या कलमात मिशनरी म्हणून पाठवायच्या लोकांत प्रापंचिकांचं (फादर-सिस्टर नसलेल्या साध्या ख्रिस्ती लोकांचं) नाव स्पष्ट घातलेलं आहे. आणि ही काही आत्ताची टूम नव्हे. वसईचा गोन्सालो गार्सिया जपानात जेझुइट संघाच्या फादरांच्या हाताखाली धर्मशिक्षण देत होता तेव्हा प्रापंचिकच होता. पुढे त्याने व्यापार केला, मनिलात जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि 1597 साली नागासाकीत क्रुसावर गेला. आपल्याला इतकं लांबचं पाहायचं नाही. आपला प्रश्न दोन-तीन वर्षांचा आहे.

आधी एक भ्रम काढून टाकतो. इंटरनेटवर शोधलं की अमेरिकेतली मेरीनॉल, फ्रान्समधली फिदेस्को अशी नावं वर येतात. छान संस्था आहेत, पण त्यांची घडण त्यांच्या देशातल्या माणसांना बाहेर धाडण्यासाठी झालेली. आपल्याकडच्या मुलामुलींची वाट जाते ती आपल्याच ओळखीच्या संघांतून: जेझुइट, सालेशियन (डॉन बॉस्को), सिस्टरांचे संघ. त्यांचे लोक आफ्रिकेत, नेपाळात आहेत आणि त्यांना हात हवे असतात. म्हणजे पहिला फॉर्म ऑनलाइन भरायचा नसतो, पहिली भेट बेळगावच्या कॅम्प भागातल्या नाहीतर आपल्या पॅरिशमधल्या फादरांची.

आता वाटा. माझ्या मते खऱ्या चारच: पूर्व आफ्रिका, नेपाळ, आखातात नोकरी करून पॅरिशचं काम आणि इथल्या इथे, उत्तर कन्नड जिल्ह्यातलं मुंडगोड-हल्याळ. पाचवी, उन्हाळी सुट्टीतली दोन-तीन आठवड्यांची 'मिशन ट्रिप', ती मी यात धरतच नाही. यजमानांना पाहुणचाराचं काम लागतं आणि आपल्याला फोटो मिळतात, एवढंच.

केनियापासून सुरू करतो, कारण विचारणाऱ्यांचे डोळे त्या नावाने चमकतात. केनियाच्या वायव्येला, तुर्काना भागात, काकुमा हा निर्वासितांचा कॅम्प 1992 पासून आहे. दक्षिण सुदान, सोमालिया आणि आजूबाजूच्या देशांतून पळून आलेली माणसं तिथे राहतात. डॉन बॉस्कोचं तिथे तांत्रिक शिक्षणाचं केंद्र आहे: वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शिवण. जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस ही निर्वासितांसाठीची संस्था हे दुसरं नाव, जेझुइटांचे तेव्हाचे प्रमुख फादर अरुपे यांनी 1980 साली सुरू केलेलं. अशा ठिकाणी बेळगावच्या माणसाची किंमत काय, हे आपल्यालाच कळत नाही. उद्यमबागेत लेथवर, फौंड्रीत, हायड्रॉलिकच्या कामात हात बसलेली पोरं आपल्याकडे गल्लीगल्लीत आहेत.

एका निवडीच्या बैठकीला मी बसलो होतो. विचारणाऱ्या फादरांनी दोघांना एकच प्रश्न टाकला: दहा मुलं आहेत, लेथ एक आहे आणि वीज गेली, काय शिकवाल? एमबीए झालेला म्हणाला, मी मोटिव्हेशनवर बोलेन. आयटीआयवाला टर्नर जरा थांबला आणि म्हणाला, "व्हर्नियर हातात देतो की. मोजायला वीज कशाला पाहिजे?" कुणाची निवड झाली हे सांगायला नको.

पण केनियाची किंमतही नीट समजून घ्या. दोन वर्षांपेक्षा कमी काळाला अर्थ नाही, कारण स्वाहिली अंगवळणी पडायलाच कित्येक महिने जातात. आपण घरी कोकणी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड बोलणारी माणसं, त्यामुळे चौथी भाषा जड जाणार नाही, हा आपला खरा फायदा. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी केनियात वेगळ्या वर्गाचं परमिट असतं आणि ते बोलावणाऱ्या संस्थेने काढायचं असतं. 'आधी टुरिस्ट म्हणून या, मग बघू' असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. पिवळ्या तापाची लस ठराविक सरकारी केंद्रांतच मिळते आणि प्रवासाआधी किमान 10 दिवस घ्यावी लागते. ते कार्ड नसेल तर परत येताना भारतातच 6 दिवस वेगळं ठेवू शकतात. मलेरियाचं तर रोजचंच.

नर्सिंग केलेल्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय पेशंटला हात लावता येत नाही. बेळगावच्या केएलई संस्थेतून शिकलेली, आयसीयूत काम केलेली नर्स तिथे जाऊन महिनोन्‌महिने स्टोअरची यादी करत बसली, तर दोष तिचा नाही, आधी न विचारणाऱ्यांचा.

धोक्याचं बोलायचं तर लपवण्यात अर्थ नाही. इटलीची ॲनालेना तोनेल्ली ही प्रापंचिक बाई केनियातल्या वजीरमध्ये आणि नंतर सोमालियात क्षयरोग्यांसाठी आयुष्यभर राबली. 2003 साली बोरामात तिला गोळी घातली. ती कुठल्याच संघाची नव्हती, एकटी होती. तिच्याविषयी मला अपार आदर आहे, पण पंचवीस वर्षांच्या मुलाने तिची वाट पहिल्या खेपेला धरू नये.

नेपाळ हा परदेश असून शेजार. भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार कार्ड चालत नाही (विमानतळावर हे कळलेले लोक मला माहीत आहेत). जेझुइट तिथे 1951 पासून शाळा चालवतात, काठमांडूजवळच्या गोदावरीपासून सुरुवात झाली. लिपी देवनागरी, म्हणून मराठी शिक्षक महिन्याभरात फळ्यावर लिहू लागतो. गणित-विज्ञानाच्या बीएड झालेल्या मुलीला यापेक्षा सरळ वाट नाही. एक वर्षाचं कामही इथे उपयोगी पडतं, कारण शाळेचं वर्ष पूर्ण होतं. मात्र 2015च्या राज्यघटनेच्या 26व्या कलमाने दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे. तिथे तुमचं मिशन म्हणजे नीट शिकवणं आणि नीट वागणं. ज्याला व्यासपीठावरून प्रवचन करायची हौस आहे, त्याचा तिथे कोंडमारा होईल. माझं विचाराल तर शिक्षकी पेशातल्यांसाठी केनियापेक्षा नेपाळ उजवं.

आखाताला लोक या यादीत धरत नाहीत, मी धरतो. घरावर कर्ज आहे, धाकट्या बहिणीचं शिक्षण राहिलंय, अशा माणसाने बिनपगारी दोन वर्षं बाहेर काढणं हे घरच्यांच्या खिशातून केलेलं दान होतं. त्यापेक्षा नोकरीच्या व्हिसावर जावं आणि तिथल्या पॅरिशला हात द्यावा. कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवारची, म्हणून गर्दीची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्गही शुक्रवारी. शिकवायला माणसं नेहमीच कमी. दुबईच्या सेंट मेरीजमध्ये कोकणीतही मिस्सा होते. एकट्या पडलेल्या कामगाराला दवाखान्यात भेटणं, घरी पैसे पाठवायला मदत करणं, हेही मिशनचंच काम. मर्यादा इतकीच, की हे काम ख्रिस्ती लोकांपुरतं राहतं. मुसलमानांत प्रचार कायद्याने बंद आहे आणि सौदीत तर उघड उपासनाही नाही. नर्सनी आखातात जाताना भरती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलमधून होते आहे ना, ते पाहावं. एजंट काहीही सांगतो.

आणि मुंडगोड. अनेकांना हे नाव ऐकून हिरमोड होतो. परदेश विचारला आणि हल्याळ सांगितलं! पण जेझुइटांचं लोयोला विकास केंद्र मुंडगोडला आहे, आजूबाजूला आफ्रिकी वंशाच्या सिद्दींच्या वस्त्या आहेत, त्यांतले बरेच आपल्यासारखे कॅथलिक आणि बोलीही कोकणी. खानापूरहून हल्याळ म्हणजे अळणावरच्या पलीकडे. शिवाय आपल्याच खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलातली आमगाव, गवाळीसारखी गावं पावसाळ्यात तुटतात, आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. मी प्रत्येकाला आधी वर्षभर इकडे राहायला सांगतो. घरापासून दूर, पगाराशिवाय, दुसऱ्याच्या वेळापत्रकावर जगणं आपल्याला सोसतं का, ते इथे कमी खर्चात कळतं. नाही सोसलं तर बस पकडून घरी या. नैरोबीहून असं येता येत नाही.

या चार वाटांत निवड करताना लोक हवामान, जेवण, देश किती सुंदर हे पाहतात. मी एकच पाहतो: परत आल्यावर तुमचं उत्तरदायित्व कोण घेतं. पाठवताना मिस्सेत आशीर्वाद मिळतो, हार पडतात, धर्मप्रांताच्या पत्रकात फोटो येतो. दोन वर्षांनी परत आलेला मुलगा नोकरी शोधत फिरतो तेव्हा ते पत्रक कुणाच्या लक्षात नसतं. कॅनन लॉचं 231वं कलम म्हणतं की चर्चच्या सेवेला वाहून घेणाऱ्या प्रापंचिकांना योग्य मोबदला, विमा, सामाजिक सुरक्षा यांचा हक्क आहे. हे कलम फादरांपुढे काढायला लाजू नका.

करार दोन पानांचा असतो, पण त्यातल्या काही ओळी बोट ठेवून वाचा. आजारी पडलात तर परतीचं तिकीट कुणाचं? मध्येच परतावं वाटलं तर? हातखर्च दर महिन्याला किती आणि कुठल्या चलनात? परतल्यावर पहिले तीन महिने राहण्याची, समुपदेशनाची सोय आहे का? शेवटच्या प्रश्नाला 'बघू' असं उत्तर आलं, तर ठिकाण कितीही चांगलं असो, मी नको म्हणेन. या बाबतीत डॉन बॉस्को किंवा जेझुइटांसारखा मोठा संघ एखाद्या नव्या, उत्साही गटापेक्षा भरवशाचा, कारण त्यांचं घर बेळगाव-गोव्याच्या टापूत आहे आणि दार ठोठावता येतं.

नोकरी सोडणाऱ्यांनी पीएफ काढून खर्चाला वापरू नये. पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते आणि सात वर्षं झालेला माणूस पेन्शनचेही पैसे काढून मोकळा झाला की ती सात वर्षं गेली. एलआयसीचे हप्ते कोण भरणार हे भावाला तोंडी सांगून भागत नाही, बँकेत लावून द्या.

घरचं बोलणंही ठरवून करा. मुलगी सत्तावीसची असेल तर आई केनियाचं हवामान विचारत नाही, लग्नाचं विचारते. शेजारचा विचारतो, "कुणाला बाटवायला चाललास रे?" त्याच्यावर चिडण्यापेक्षा कामाचं नाव सांगा: वेल्डिंग शिकवायला, आठवीला गणित शिकवायला. सांगण्यासारखं असं कामच अजून ठरलं नसेल, तर अर्ज इतक्यात देऊ नका.

वेळेचं म्हणाल तर पासपोर्टसाठी बेळगावच्या पोस्टातल्या सेवा केंद्राची वेळ आत्ताच घ्या. पोलिसांचा दाखला आणि पॅरिशचं पत्र मागाहून मिळतं. नेपाळच्या शाळा एप्रिलच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे बोलणी नाताळाच्या आधी. केनियाला त्याहून आधी, कारण परमिट तिकडून यायचं असतं आणि ते हातात आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही.