'डेस्पराडो' बसवायचं, पण कोणाचं?

भाच्याला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचं 'डेस्पराडो' हे गाणं म्हणायचंय. पियानोवर मैत्रीण, गायला हा, तिसरं कोणी नाही. "मावशी, पाच-सहा जणांचं ऐकलं, सगळीच आवडली. कुठलं समोर ठेवून बसवू?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही. त्याच्यासारखे आणखीही कुणी या पेचात असतील, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गाणं काय आहे ते. रानोमाळ भटकणारा, कुणाला जवळ येऊ न देणारा एक बंडखोर, आणि त्याला 'बाबा रे, आता तरी शुद्धीवर ये' असं विनवणारं कुणीतरी. सुरुवातीलाच कुंपणांचा उल्लेख येतो. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या मोठ्या कुरणांवर घोड्यावरून कुंपणाच्या कडेकडेनं फिरत कुठे तार तुटली आहे का हे बघायचं, हे तिथल्या गुराख्यांचं नेहमीचं काम, आणि ते तासन्‌तास एकट्यानं करायचं असतं. पुढे पत्ते येतात. चौकटच्या राणीच्या नादी लागू नकोस, ती तुला हरवेल, बदामची राणीच तुझी खरी, अशा अर्थाच्या ओळी आहेत. एक पैशाची, एक काळजाची. पत्ते खेळणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

विनवणारं हे 'कुणीतरी' नेमकं कोण, ते मात्र गाणं सांगत नाही. मित्र, प्रेयसी, बाप, की तो स्वतःच? एकाच गाण्याची इतकी वेगवेगळी रूपं होऊ शकली ती या मोकळ्या जागेमुळे. तेव्हा निवड करताना आवाज कोणाचा गोड हे बघू नकोस. कोण कोणाशी बोलतंय ते बघ.

मूळ ध्वनिमुद्रण 1973चं, त्याच नावाच्या अल्बममधलं. 1892मध्ये कॅन्ससमधल्या कॉफीव्हिल गावात एकाच वेळी दोन बँका लुटायला गेलेल्या डाल्टन टोळीच्या कथेभोवती तो अल्बम बेतलेला आहे. ईगल्समधल्या डॉन हेन्ली आणि ग्लेन फ्राय यांनी गाणं मिळून लिहिलं, गायलं हेन्लीनं. सुरावटीचा एक तुकडा हेन्लीजवळ आधीपासून पडून होता, तो दोघांनी पुरा केला. रेकॉर्डिंग लंडनला झालं, निर्माता ग्लिन जॉन्स. मागची व्हायोलिनं लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राची, आणि त्यांची रचना हेन्लीचा टेक्सासपासूनचा सोबती जिम एड नॉर्मन याची. हेन्ली तेव्हा 25 वर्षांचा होता. एवढा मोठा वाद्यवृंद समोर पाहून तो बिचकला होता, आणि त्या गाण्यावर आपण पूर्ण समाधानी नव्हतो असं पुढे त्यानंच सांगितलंय. मला ते बिचकणंच मोलाचं वाटतं. दोस्ताला खडे बोल सुनवायचेत, पण आपल्याला तो हक्क आहे का याची खात्री नाही, अशा माणसाचा तो आवाज आहे. थोडा खरखरीत, थोडा मागे राहिलेला.

आता सुरांकडे ये. मूळ गाणं जी मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी पाच. पहिल्या ओळीखाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, जातात ते असे: जी, जी सेव्हन, सी, सी मायनर, पुन्हा जी. पांढरी पाचला सा धर आणि या कॉर्डमधला एकेक सूर निवडून वाजव. सा, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. एक जिना हळूहळू उतरतोय. शुद्ध धैवताचा कोमल होतो त्या क्षणी पोटात जे कालवतं, ते या गाण्याचं मर्म. ज्या कव्हरमध्ये, म्हणजे दुसऱ्या कुणी गायलेल्या रूपात, ही उतरण स्पष्ट ऐकू येते ते माझ्या लेखी चांगलं. जिथे वाद्यांच्या गर्दीत ती बुडते, ते मी दुसऱ्यांदा लावत नाही.

अमेरिकन गायिका लिंडा रॉन्स्टाटचं रूप मूळ गाण्याच्याच वर्षी, 'डोन्ट क्राय नाउ' या अल्बममध्ये आलं. 1971मध्ये फ्राय आणि हेन्ली तिच्या साथीदारांच्या ताफ्यात होते आणि ईगल्सची जुळणी तिथेच झाली, त्यामुळे हे कुणा परक्याचं कव्हर नव्हे, घरातलंच आहे. ईगल्सनी हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमपासून सुटं, काढलंच नाही. ते लोकांपर्यंत पोचवण्याचं श्रेय हेन्ली स्वतः लिंडाला देतो. तिचा गळा भरदार, लगाव थेट. हेन्ली सुचवतो तिथे ती मागणी करते. वेळ निघून जाण्याआधी कुणाला तरी तुझ्यावर प्रेम करू दे, ही शेवटाकडची ओळ हेन्लीच्या तोंडी सल्ला वाटते. लिंडाच्या तोंडी ते 'कुणीतरी' म्हणजे ती स्वतः, आणि ती दारात उभी आहे. गाणाऱ्या मुलीला मी डोळे झाकून हेच सांगेन. मात्र वरच्या सुरांवर दम पुरायला हवा. तिथे आवाज चिरकला तर विनवणीची तक्रार होते.

खालच्या पट्टीत रमणारा आवाज असेल तर कॅरन कार्पेंटर ऐकावी. 'होरायझन' या 1975च्या अल्बममध्ये कार्पेंटर्सनी हे गाणं घेतलं. तिचा खर्ज मखमली, उच्चार लखलखीत स्वच्छ. पण सगळं इतकं नीटनेटकं आहे की त्या भटक्याच्या अंगावरची धूळ झटकली गेल्यासारखी वाटते. शब्दफेक शिकायला उत्तम.

जॉनी रॉड्रिगेझनं हे गाणं 1977मध्ये अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या पाचांत नेलं. ईगल्सची गाणी इतरांनी म्हटलेल्या 1993च्या 'कॉमन थ्रेड' या अल्बममध्ये क्लिंट ब्लॅकनं ते मूळ आराखड्याला धरून म्हटलं. डायना क्रॉलचं 2015चं रूप रात्री उशिरा, दिवे मालवून ऐकायचं. तिघंही ऐकण्याजोगे, पण बसवायला नवं काही हाती देत नाहीत.

कंट्री गायक जॉनी कॅशबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण भाच्याचा सगळा ओढा तिकडे आहे. रिक रुबिननं निर्माण केलेल्या 'अमेरिकन 4' या 2002च्या अल्बममध्ये कॅशनं हे गाणं म्हटलं, आणि सोबतीला खुद्द हेन्ली आहे. कॅश तेव्हा 70 वर्षांचा, तब्येत खालावलेली; पुढच्याच सप्टेंबरात तो गेला. वय काही थांबत नाही, दुखणी आणि भूक आता तुला घरी बोलावताहेत, हे शब्द पंचविशीतला गडी मित्राला सांगतो तेव्हा ती काळजी असते. कॅश म्हणतो तेव्हा समोर मित्र उरलेलाच नसतो. तो आरशाशी बोलतोय. श्वास तुटतो, सूर काठावरून घसरतो, आणि ते सगळं खरं आहे. म्हणूनच विसाव्या वर्षी त्याची नक्कल करू नये. तो थकवा उसना आणता येत नाही, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. ऐक, खूप ऐक, पण बसवू नकोस.

आणि आता सगळ्यात अनपेक्षित. 1976-77मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातल्या लँगली इथे हान्स फेंगर नावाच्या संगीतशिक्षकानं शाळेतल्या मुलांकडून त्या काळची लोकप्रिय गाणी गाऊन घेतली आणि जिममध्येच टेप केली. 2001मध्ये ती 'इनोसन्स अँड डिस्पेअर' या नावानं प्रसिद्ध झाली. त्यात 9 वर्षांची एक मुलगी नुसत्या पियानोवर 'डेस्पराडो' म्हणते. बंडखोरी, प्रेम, पत्त्यांच्या राण्या यांतलं तिला काय कळलं असेल? तरी ती एकेक शब्द जपून ठेवते, कुठेही जास्तीचं दुःख घालत नाही. जिमच्या मोकळ्या जागेत तो बारीक आवाज घुमतो आणि उतरणीचा तो कोमल धैवत तिच्या पाठीमागून स्वच्छ ऐकू येतो. मी ऐकते तेव्हा दर वेळी डोळे भरून येतात.

तर भाच्या, तुमच्याकडे पियानो आणि एक गळा एवढंच आहे, त्यामुळे आराखडा या मुलीचा घे. बोलणारा माणूस हेन्लीचा ठेव, दोस्ताशी बोलणारा. पट्टी पांढरी पाच तुला वर चढेल, पांढरी चार घे. या गाण्याला प्रेक्षकांनी एकसाथ उचलून धरावं असं ध्रुवपद नाही, म्हणून टाळ्यांची वाट बघू नकोस. पत्त्यांच्या ओळी आल्या की लय पळते, सगळ्यांचीच पळते. तिथे मैत्रिणीला डावा हात घट्ट धरायला सांग. आणि शेवटची ओळ संपल्यावर माइकपासून लगेच दूर होऊ नकोस, पियानोचा शेवटचा सूर पूर्ण विरू दे.