आयकियाचं पॅक्स कपाट: चौकट उत्तम, पण आतला हिशोब आधी करा

पॅक्स हे तयार कपाट नाही, सुटे भाग जुळवून उभं करायचं कपाट आहे. रिकामी चौकट वेगळी, दारं वेगळी आणि आतलं सामान वेगळं. फळ्या, ओढायचे खण (ड्रॉवर), जाळीच्या टोपल्या, हँगरचे दांडे हे सगळं ‘कोम्प्लेमेंट’ या नावाखाली येतं. चौकटीची रुंदी ५०, ७५ किंवा १०० सेंमी, खोली ३५ किंवा ५८ सेंमी आणि उंची २०१ किंवा २३६ सेंमी. निवड एवढीच, आणि ती पुरेशी आहे. पण बहुतेक लोक रुंदी आणि दाराचा रंग ठरवण्यात सगळा वेळ घालवतात. कपाट पुढची दहा वर्षं सोयीचं राहणार की डोकेदुखी होणार, हे चौकटीच्या खोलीवर, म्हणजे पुढून मागच्या मापावर ठरतं.

हँगर साधारण ४५ सेंमी रुंद असतो. त्यावर शर्ट किंवा कोट अडकवला की एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत ५० ते ५५ सेंमी जागा लागते. म्हणजे ५८ च्या चौकटीत कपडे आडव्या दांड्यावर नीट बसतात, बाही दाराला घासत नाही. ३५ च्या चौकटीत ते बसणं शक्यच नाही. तिथे कपडे दाराकडे तोंड करून एकामागे एक लटकवावे लागतात आणि डोळ्यांना फक्त पहिला कपडा दिसतो. ३५ ची चौकट घड्यांचे कपडे, टॉवेल, चादरी, बॅगा आणि बूट यांच्यासाठी घ्यावी. त्या कामाला ती ५८ पेक्षा कितीतरी चांगली आहे.

कारण उलट चूक जास्त वेळा होते. ५८ च्या चौकटीत लोक वरपासून खालपर्यंत साध्या फळ्या भरतात. टी-शर्टची घडी जेमतेम ३० सेंमी लांब. मग तिच्या मागे दुसरी थप्पी लागते, पुढची काढल्याशिवाय मागची हाती येत नाही, आणि मागचे कपडे हळूहळू वापरातूनच जातात. फळ्या स्वस्त पडतात म्हणून घेतल्या जातात, पण खोल कपाटात त्या सर्वांत गैरसोयीच्या. आमचा आग्रह असा की पैसे वाचवायचेच तर दारांवर वाचवा, खणांवर नको.

मांडणीचा साधा हिशोब सांगतो. कमरेखाली ओढायचे खण, त्यांच्या वर दांडा, आणि डोळ्यांच्या पातळीच्या वर फळी. फळीवर रजया, प्रवासाच्या बॅगा, वर्षातून दोनदा लागणारं सामान. सर्वांत वरच्या खणाची कड छातीच्या वर जाऊ देऊ नये, कारण त्यापेक्षा उंच खणात काय आहे ते वाकून दिसत नाही, हाताने चाचपडावं लागतं.

दांड्याची उंची अंदाजाने ठरवू नका. कपाटातला सर्वांत लांब शर्ट हँगरवर अडकवा आणि दांड्यापासून खालच्या टोकापर्यंत टेपने मोजा. शर्ट, टॉप, जॅकेट यांना साधारण १०० सेंमी लागतात, मधोमध दुमडून टाकलेल्या पँटला ७० ते ७५, लांब ड्रेस आणि गाऊनला १४० ते १६०. दांडा आणि वरची फळी यांत ४–५ सेंमी मोकळी ठेवा, नाहीतर हँगर उचलून काढता येत नाही. यावरून लगेच कळतं की शर्टांचे दोन मजले हवे असतील तर २३६ चीच चौकट लागेल. २०१ मध्ये वर शर्ट आणि खाली पँट एवढंच मावतं. एका शर्टाला दांड्यावर २ ते अडीच सेंमी धरले तर १०० च्या चौकटीत चाळीसेक शर्ट येतात. जाड कोटांना प्रत्येकी ५ ते ७ सेंमी लागतात.

आतल्या बाजूंना ३२ मिमी अंतरावर भोकांच्या रांगा आहेत. सगळं सामान याच भोकांत बसतं, त्यामुळे नंतर फळी वरखाली करायला सुताराची गरज पडत नाही, आणि हा पॅक्सचा खरा मोठा गुण आहे. कागदावर आराखडा काढताना सेंमीत नाही, भोकांत मोजा. पाच भोकं म्हणजे १६ सेंमी. खणात कपडे उभ्या घडीने ठेवायचे असतील तर घडी खणाच्या कडेपेक्षा थोडी ठेंगणी हवी, नाहीतर वरच्या खणाच्या तळाला कपडा अडकून चुरगळतो. आयकियाच्या संकेतस्थळावरच्या नियोजकात चौकट आणि आतलं सामान जुळवून पाहता येतं. तो जरूर वापरा, मात्र आकडे स्वतःच्या टेपचे घाला.

रुंदीबद्दल एक सावधगिरी. भुशाच्या बोर्डाची फळी वजनाने मधे झुकते, आणि सारख्या दाटीने सामान ठेवलं तर हा झोक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ५० ऐवजी १०० सेंमी लांब फळी घेतली तर ती दुप्पट नाही, सोळापट झुकते. ७५ वरून १०० वर गेलात तरी तिपटीहून जास्त. पुस्तकं, फायली, जड चादरी १०० च्या फळीवर रचू नका. त्यासाठी ५० ची चौकट घ्या.

आता दारं. सरकत्या दारांनी जागा वाचते असं म्हणतात. ते अर्धंच खरं. खण बाहेर आला की पन्नासेक सेंमी तरी घेतो आणि त्याच्यासमोर माणसाला उभं राहायचं असतं, त्यामुळे कपाटासमोर ९० सेंमी ते १ मीटर मोकळे लागतातच, दार कुठलंही असो. शिवाय ५८ ची चौकट सरकत्या दारांसह ६६ सेंमी होते, बिजागरीच्या दारांसह ६०. पलंग अगदीच जवळ असेल तरच सरकती दारं घ्या.

सरकत्या दारांत एक ठरलेली चूक होते. १५० सेंमीच्या दारजोडीत प्रत्येक दार ७५ चं असतं. तिच्यामागे ५० आणि १०० अशा चौकटी लावल्या, तर दोन्ही दारं एका बाजूला सारल्यावरही १०० च्या चौकटीचे २५ सेंमी झाकलेलेच राहतात आणि तिथले खण दाराला अडून बाहेर येत नाहीत. १५० मागे दोन ७५ आणि २०० मागे दोन १०० असंच जुळवा.

बिजागरीच्या दारांत अडचण भिंतीची. कपाट बाजूच्या भिंतीला चिकटवलं की मूठ भिंतीवर आपटते, दार पूर्ण ९० अंश उघडत नाही आणि आतला खण त्याच्या कडेला घासतो. भिंत आणि चौकट यांत ३ ते ५ सेंमी सोडा आणि ती फट समोरून पट्टीने झाका.

कोनाड्यात बसवायचं असेल तर रुंदी खाली, मधे आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा. सर्वांत कमी आकडा खरा. २०० सेंमीच्या कोनाड्यात १०० च्या दोन चौकटी बसतील असं धरून चालू नका, २–३ सेंमी ढिलाई हवीच. भिंतीच्या पायाशी पट्टी असेल तर तिची जाडीही धरा, नाहीतर कपाट भिंतीला टेकतच नाही. उतरतं छत असेल किंवा विचित्र मापाचा कोपरा असेल तर पॅक्सच्या नादी लागू नका. तिथे सुतारच बरा.

छताची उंची ही दुसरी गफलत. चौकट जमिनीवर आडवी जोडून उभी करायची, तर ती उचलताना तिचा कर्ण छताखालून फिरावा लागतो. २३६ उंच आणि ५८ खोल चौकटीचा कर्ण साधारण २४३ सेंमी भरतो. छत त्याहून ठेंगणं असेल तर चौकट उभ्यानेच जोडावी लागेल. दोन माणसं लागतातच, मोठ्या चौकटीला एकट्याने हात घालू नये.

जोडणीत सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे ती पातळ पाठ. ती नुसती धूळ अडवण्यासाठी नाही, चौकट काटकोनात धरून ठेवण्याचं काम तीच करते. पाठ पक्की करण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले की मगच पाठ लावा. इथे ५ मिमीची चूक सोडली की ती पुढे दारांमधल्या वाकड्या फटीत दिसते आणि मग बिजागऱ्या कितीही फिरवा, सुधारत नाही. कपाट उभं केल्यावर पाणसळ लावून पाय वरखाली करा, आणि शेजारच्या चौकटी एकमेकींना जोडताना पुढच्या कडा क्लॅम्पने सारख्या धरून मग स्क्रू मारा. चौकटीचे भाग जोडणाऱ्या फिरवायच्या खिट्ट्या घट्ट झाल्या की तिथेच थांबा. जास्त पिळलं तर भुसा सुटतो आणि ते भोक कायमचं ढिलं पडतं.

भिंतीला बांधणं टाळू नका. भरलेले तीन खण एकदम ओढले की सगळं वजन पुढे येतं आणि कपाट कलंडू शकतं. घरात लहान मूल असेल तर हा धोका जिवावरचा आहे. पट्ट्या सोबत येतात, पण भिंतीतले स्क्रू आणि प्लग येत नाहीत, कारण विटेच्या, काँक्रीटच्या आणि पोकळ भिंतीला वेगवेगळे लागतात. आपली भिंत कशाची आहे ते पाहून घ्या. ओल धरणाऱ्या भिंतीला मात्र हे कपाट लावूच नये. बोर्डाची कड एकदा फुगली की पुन्हा बसत नाही. फरशी पुसताना पाणी खालच्या पट्टीशी साचू देऊ नका.

आतल्या सामानात खण आणि ओढायचे ट्रे घेण्यासारखे. जाळीच्या टोपल्या हवेशीर, पण नाजूक विणीच्या कपड्यांवर जाळीचे वळ उमटतात. पँट लटकवायचा ओढता स्टँड दिसायला छान, जागेच्या मानाने मात्र महाग पडतो. त्याच उंचीत साध्या दांड्यावर जास्त पँट मावतात.

दारांचं शेवटचं समायोजन कपाट रिकामं असताना करून थांबू नका. कपडे भरल्यावर चौकट किंचित बसते. आठवड्याने बिजागऱ्यांचे स्क्रू पुन्हा पाहा: आधी वर-खाली, मग डावी-उजवी, शेवटी आत-बाहेर.