ओव्हरड्राफ्टवालं होम लोन: लग्नसराईवर चालणाऱ्या घराने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आमचं घर कराडला, नवऱ्याचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा धंदा आणि हिशोब सगळा माझ्याकडे. तुळशीचं लग्न झालं की काम सुरू ते जूनच्या मध्यापर्यंत, मग आषाढीपासून कार्तिकीपर्यंत बारसं, डोहाळजेवण, एखादा वाढदिवस एवढंच. त्यातही पैसे तीन तुकड्यांत येतात, बुकिंगला थोडे, लग्नादिवशी थोडे आणि उरलेले अल्बम हातात पडल्यावर, म्हणजे मे महिन्यातल्या लग्नाची बाकी कधीकधी गणपतीत मिळते. हप्ता मात्र दर महिन्याच्या 5 तारखेला, त्याला मुहूर्त लागत नाही.

म्हणून मी ज्याबद्दल लिहितेय ते प्रॉडक्ट म्हणजे ओव्हरड्राफ्ट प्रकारचं होम लोन, म्हणजे हातातले जादा पैसे लोन खात्यात टाकून ठेवायचे, तेवढ्यावरचं व्याज वाचतं आणि लागतील तेव्हा ते परत काढता येतात. स्टेट बँकेचं मॅक्सगेन, बँक ऑफ बडोदाचं होम लोन अ‍ॅडव्हान्टेज ही त्यातलीच. आमचं एका सरकारी बँकेत आहे, नाव लिहीत नाही कारण काही गोष्टी चांगल्या आहेत आणि काही अजिबात नाहीत. पगारदार माणसाला याची किती गरज आहे मला माहीत नाही, पण ज्यांच्या घरी पगाराची तारीखच नसते त्यांनी हे नक्की समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आधी थकबाकीबद्दल, कारण खूप जण तिथूनच इकडे येणार. 2024 चा मे-जून आठवत असेल, गुरू-शुक्राचा अस्त होता आणि नेहमीचे मुहूर्त जवळजवळ नव्हतेच, आमच्या धंद्यातल्या सगळ्यांचा ऐन सीझन कोरडा गेला. तेव्हा आमचं कर्ज एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडे साधं ईएमआयचं होतं. जुलैचा हप्ता बाऊन्स, ऑगस्टचाही बाऊन्स, वर बाऊन्स चार्जेस त्यांचे वेगळे आणि आपल्या बँकेचे वेगळे, त्यावर जीएसटी. एकदा रात्री साडेआठला वसुलीवाल्याचा फोन, मुलगी ताटावर बसलेली, हा सरळ म्हणतो घराला टाळं लागेल. मी एवढंच म्हटलं की सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर तुम्हाला फोन करता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे, तुमचं नाव आणि एजन्सी सांगा मी लिहून घेते. फोन कट. दुसऱ्या दिवशी कंपनीला ईमेल टाकला, तारीख-वेळेसकट, त्यानंतर रात्रीचे फोन बंद झाले.

आणि टाळं असं लागत नसतं हो. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए म्हणजे बुडीतच्या वाटेवरचं धरलं जातं, मग सरफेसी कायद्याखाली (तारण घराची वसुली करायचा कायदा) 60 दिवसांची नोटीस येते, तिला लेखी हरकत घेता येते आणि त्यावर 15 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे, ताब्याची पावलं त्यानंतरची. घाबरून सावकाराकडे किंवा पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपकडे पळू नका, तिथूनच खरं घर बुडतं. उलट या 90 दिवसांच्या आतच हालचाल करा, कारण दिवस सगळ्यात जुन्या थकलेल्या हप्त्यापासून मोजतात. हातात एकाच हप्त्याचे पैसे असतील तरी तो जुना हप्ता पूर्ण भरा, थकल्याचे मोजलेले दिवस कमी होतात. एकदा एनपीए झालं की मात्र एक-दोन हप्ते भरून भागत नाही, सगळी थकबाकी भरेपर्यंत खातं परत स्टँडर्ड, म्हणजे नेहमीसारखं चांगलं, होत नाही. आम्ही हेच केलं, सप्टेंबरमध्ये लेन्स विकून जुलैचा हप्ता भरला, पुढेही एकेक जुना भरत राहिलो, तुळशीच्या लग्नानंतरच्या बुकिंगवर डिसेंबरपर्यंत सगळं क्लिअर. स्टेटमेंट मागून तपासलं तर दंड व्याजात मिसळून त्यावर परत व्याज लावलेलं, ते आता चालत नाही, दंड वेगळा चार्ज म्हणून लावायचा, त्यावर व्याज चढवायचं नाही. लेखी दिल्यावर ती रक्कम परत आली, मोठी नव्हती पण आपली होती.

आता मुद्द्याचं. थकबाकीत असताना ओव्हरड्राफ्टवालं लोन कुणी देत नाही हे आधीच सांगते, आम्हाला या सरकारी बँकेने वर्षभराचे हप्ते वेळेवर दिसायला हवेत असं सांगितलं, ते झाल्यावर कर्ज तिकडे ट्रान्सफर केलं. घराच्या फ्लोटिंग (बदलत्या दराच्या) कर्जाला फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी फेडल्याचा आकार, लागत नाही, पण प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, स्टँप ड्युटी हे सगळं लागतं, आकडा लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.

हे चालतं कसं ते बँकेतल्या मॅडमनी पैसे काढायच्या स्लिपच्या मागच्या बाजूला काढून दाखवलं. वर लिहिलं 22 लाख, म्हणाल्या ताई ही तुमची मर्यादा, याला डीपी म्हणजे ड्रॉइंग पॉवर म्हणतात, दर महिन्याला मुद्दलाएवढी थोडी थोडी उतरत जाणार. खाली लिहिलं 3 लाख, हे तुम्ही सीझनमध्ये आणून टाकले. मग वजाबाकी करून 19 ला गोल केला, व्याज फक्त याच्यावर, रोजच्या रोज. आणि 3 लाखाशेजारी वरखाली बाण, हे तुमचेच, कधीही काढा, परत टाका. ती स्लिप माझ्या हिशोबाच्या वहीत चिकटवली आहे.

म्हणजे लग्नाचे पैसे आले की ते थेट लोन खात्यात, आणि पावसाळ्यात दर महिन्याला तिथून सेव्हिंगला ओढायचे, हप्ता सेव्हिंगमधून कट होतो. आमचा हप्ता साडेएकवीस हजारांच्या आसपास आहे, यंदा जून-जुलैचे हप्ते असेच गेले, एकदाही कुणाकडे हात पसरावा लागला नाही. 5 तारखेच्या आदल्या रात्री झोप लागते, याची किंमत रुपयात सांगता येत नाही.

पण रुपयातही सांगते. आमचा दर साध्या लोनपेक्षा पाव टक्का जास्त, साडेआठ. 22 लाखांवर पाव टक्का म्हणजे वर्षाला 5,500 रुपये जादा. 3 लाख एक महिना लोन खात्यात राहिले तर सव्वाएकवीसशे रुपये व्याज वाचतं, तेच सेव्हिंगमध्ये अडीच टक्क्याने सव्वासहाशे मिळाले असते. फरक 6 टक्क्यांचा, म्हणून 5,500 वसूल व्हायला वर्षभर सरासरी 92 हजार तरी त्यात पडून हवेत. तेवढे राहत नसतील तर साधं लोनच घ्या, उगाच जादा दर कशाला.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. अ‍ॅपवर अव्हेलेबल बॅलन्स दिसतो तो बघून घरातल्या प्रत्येकाला वाटतं पैसे आहेत, नवऱ्याला नवीन ड्रोन दिसायला लागतो, भावजयीला उसने हवे असतात. आम्ही ठरवून टाकलंय की पावसाळ्याचे पाच हप्ते आणि पाच महिन्यांचा किराणा-शाळा एवढ्याला हात लावायचा नाही, चेकबुक मी माझ्याकडे ठेवते. दुसरं म्हणजे शाखेतल्या निम्म्या लोकांना हे खातं कळतच नाही, एकाने मला ठामपणे सांगितलं की पैसे टाकले म्हणजे प्रीपेमेंट झालं, आता काढता येणार नाहीत. चूक आहे ते, पण एखादी घाबरून गप्प घरी गेली असती. आणि असे टाकून ठेवलेले पैसे परतफेड धरत नाहीत, त्यामुळे जुन्या कर पद्धतीत असाल तर मुद्दल फेडल्यावर मिळणाऱ्या कर सवलतीत (80सी नावाने ओळखतात ती) ते दाखवू नका.

ज्यांच्यावर क्रेडिट कार्डाची बाकी आहे त्यांनी आधी ती मिटवावी, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज देत असताना साडेआठ टक्क्याच्या खात्यात पैसे ठेवण्यात अर्थ नाही. बचत गटाचं कर्ज असेल तर त्याचे हप्ते चालू ठेवा, गटात पत गेली तर ती कुठलीच बँक परत देत नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार शाखेने कापायला लावला, तक्रार लेखी दिली आहे, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाणार आणि काय होतं ते इथेच टाकेन.