बंपरला नुसती चमक, बीडिंग प्लास्टिकचं

जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीला रंग मारून झाला की बंपर, बीडिंग (अंगावरच्या चमकत्या पट्ट्या), हँडल बसवायचं काम सोलापुरात बहुतेक मालक त्याच गॅरेजवाल्याला उक्तं देतात. इथल्याच एका गाडीत असंच झालं. बिलावर एकच ओळ: 'सर्व क्रोमकाम, तिहेरी प्लेटिंग, फिटिंगसह'. तिहेरी म्हणजे आधी तांबं, मग निकेल, वर क्रोम. गाडी ताब्यात घेताना आरशासारखी चमकत होती. पहिल्या पावसाळ्यातच बंपरवर तपकिरी ठिपके उमटले.

बंपर काढून मागच्या कडेला कानस मारली, तेव्हा पांढऱ्या थराखाली थेट करडं लोखंड. तांब्याची लाली कुठेच नाही. क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असतो आणि त्याला सूक्ष्म भेगा असतात, त्यामुळे गंज रोखतं ते खालचं निकेल. बाहेरच्या भागांना ते वीस-तीस मायक्रॉन तरी हवं. पण तेवढं चढायला टाकीत वेळ जातो आणि निकेल महाग, म्हणून काटछाट तिथंच होते. हँडल मझॅकची, म्हणजे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची. त्यांना आधी तांबं चढवलं नाही तर निकेलच्या आम्लधर्मी द्रावणात जस्त खाल्लं जातं आणि मग वर फुगे धरतात. तसेच धरले.

बीडिंगचा प्रकार त्याहून भारी. स्टेनलेसच्या पट्टीला प्लेटिंग लागतच नाही. पोचे काढून बफ मारला, म्हणजे घासून चकाकी आणली, की झालं. इथं आठ पट्ट्यांचे प्लेटिंगचे पैसे घेतले, वर त्यातल्या तीन चमकी लावलेल्या प्लास्टिकच्या निघाल्या, दुहेरी टेपनं चिकटवलेल्या. एप्रिल-मेच्या उन्हात टेप सुटली, टोकं उचलली. खाली क्लिपची भोकं उघडीच होती. त्यातून पाणी दाराच्या पत्र्यात गेलं आणि नवा रंग भोकांभोवती फुगला.

माल देण्याआधी प्रत्येक नगाचा पुढून-मागून फोटो काढा आणि मागच्या बाजूला सेंटर पंचनं (टोकदार पोलादी खिळ्यानं) हलक्या हातानं दोन टिंबं मारा, पट्टी बदलली तर लगेच कळतं. बिलात नगवार दर लिहून घ्या, स्टेनलेस वेगळं. तांबं चढलं की निकेलआधी बोलवा, अशी अट घाला. 'कशाला येताय मालक, फोटो पाठवतो' असं उत्तर आलं तर माल उचलून आणा. बसवताना भोकांच्या कडेला प्रायमर लावून पूर्ण वाळू द्या, मगच नव्या क्लिपा, रबरी वॉशरसकट. जुन्या क्लिपा गंजल्यात म्हणून कुणी थेट स्क्रू मारू लागला तर तिथंच थांबवा. त्या भोकातून गंज नव्यानं सुरू होतो.