ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर : आठ महिने वापरल्यावर

गार असताना गाडी अर्ध्या सेल्फमध्ये चालू व्हायची. वीस-पंचवीस मिनिटं पळाली, इंजिन तापलं, की गपकन बंद. बॉनेट उघडून अर्धा तास ताटकळलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. गॅरेजमध्ये नेली की मात्र अगदी शहाण्यासारखी वागायची. आधी स्पार्क प्लग बदलून झाले, मग फ्यूएल फिल्टर, मग 'पंपच गेलाय' म्हणून पंपही. दुखणं जिथल्या तिथे. त्या वैतागात गाडीच्या कंप्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारा हा काड्यापेटीएवढा ओबीडी स्कॅनर घेतला.

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचा आणि फोनला जोडायचा. पहिल्याच दिवशी कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेले बिघाडांचे क्रमांक, वाचले. एकही नाही! चेक इंजिनचा दिवाही कधी लागला नव्हता. पैसे पाण्यात गेले असंच वाटलं.

पण खरं काम कोडचं नव्हतंच. लाइव्ह डेटात आरपीएम, कूलंटचं तापमान आणि फ्यूएल ट्रिम (पेट्रोल नेहमीपेक्षा किती टक्के कमी-जास्त सोडावं लागतंय ते) हे तीनच आलेख लावून रेकॉर्डिंग चालू ठेवायला लागलो. पाचव्या की सहाव्या फेरीत सापडलं. कूलंट ९२ अंश, ट्रिम ३-४ टक्क्यांच्या आत, म्हणजे पेट्रोल नीट येतंय. तिसऱ्या गिअरमध्ये असताना इंजिन मेलं. क्लच दाबला नव्हता, चाकं इंजिनाला फिरवत होती, आणि फोनवर आरपीएम २१०० वरून थेट शून्य. मध्ये एकही पायरी नाही. इंजिन फिरतंय आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरला, ते दिसतच नाही! पेट्रोल तुटलं असतं तर गाडीने आचके दिले असते आणि आकडा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला असता. बाजूला घेऊन सेल्फ मारला, तरी शून्यच. गार असताना सेल्फवर दोनशेच्या आसपास दिसायचा.

म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा क्रँक सेन्सर. माझ्या गाडीत तो दोन वायरींचा, आत बारीक तारेची गुंडाळी. तापली की तार कुठेतरी सुटते, निवली की पुन्हा टेकते. पुढच्या वेळी बंद पडल्यावर त्यावर ओलं फडकं ठेवलं, पाचेक मिनिटांत गाडी चालू. मल्टिमीटरवर गार असताना ८०० च्या वर ओहम, तापल्यावर सर्किटच उघडं. (गुंडाळीऐवजी आत चिप असलेला तीन वायरींचा हॉल सेन्सर असेल तर ओहम मोजू नका, काही कळत नाही.) सेन्सर बदलणं एका बोल्टाचं काम निघालं. त्यानंतर सहा महिने एकदाही बंद पडलेली नाही.

तक्रारीही आहेत. चारपेक्षा जास्त आलेख लावले की आकडे रखडत येतात. सेल्फ मारताना व्होल्टेज पडलं की कधीकधी जोडणीच तुटते, त्यामुळे एकदा शून्य दिसलं म्हणून लगेच सेन्सरच्या माथी खापर फोडू नये. चार-पाच वेळा बघावं. एबीएस आणि एअरबॅगचे कोड याला वाचता येत नाहीत. आणि सॉकेटमध्ये तसाच ठेवून दहा दिवस बाहेरगावी गेलो होतो, परतल्यावर बॅटरी बसलेली.

ॲपमधलं 'क्लिअर'चं बटण फार मोहात पाडतं. कोड लिहून घेतल्याशिवाय ते दाबू नका, कोड आला त्या क्षणीच्या आकड्यांची साठवलेली नोंदही त्यासोबत पुसली जाते.

सध्या स्कॅनर मेव्हण्याकडे आहे. त्याची गाडी गार असतानाच बंद पडते.